वावळ, एल्म आणि एकाच झाडाची दोन हजार वर्षं



विषय कळवल्यावर संयोजकांचा फोन आला होता. "सर, पत्रिकेत 'एल्म' असं आलंय. ते 'फिल्म' हवं होतं का?" (हशा) नाही, एल्मच हवं होतं. युरोपातलं झाड आहे. आपल्या सातारा-सांगलीत ते उगवत नाही, मग त्याच्यासाठी संध्याकाळ का खर्च करायची, ही शंका रास्त आहे. तेव्हा आधी आपल्या बांधावरच्या झाडापासून सुरुवात करू.

वावळ आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. राखाडी खोड, मोठा विस्तार, ओढ्याकाठी किंवा गावकुसाला उभं असलेलं झाड. पान चुरगाळलं की असा काही वास येतो की पुन्हा कुणी हात लावत नाही. माघ-फाल्गुनात पानं झडतात आणि मग अंगभर चपट्या, गोल, पापडासारख्या चकत्या लटकतात. मधोमध बी आणि भोवती कागदासारखा पंख. वारा सुटला की त्या चकत्या गावभर होतात. त्यातलं बी भाजून खाल्लेले काही जण आज समोर बसलेले दिसताहेत. मिरज-जतकडं कानडी बोलणारी मंडळी तिला 'तपसी' म्हणतात. आयुर्वेदात तिचं नाव चिरबिल्व.

या वावळीचं इंग्रजी नाव 'इंडियन एल्म'. रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानं अठराव्या शतकाच्या अखेरीस कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वनस्पतींवर ग्रंथ काढला. त्यात त्यानं वावळीला सरळ एल्मच्याच प्रजातीत घातलं, 'उल्मस इंटेग्रिफोलिया' असं नाव देऊन. पुढं 1848 मध्ये प्लांशाँ या फ्रेंच अभ्यासकानं तिला वेगळं काढलं आणि 'होलोप्टेलिया' अशी स्वतंत्र प्रजाती केली. कूळ मात्र तेच राहिलं. म्हणजे वावळ ही एल्मची सख्खी नव्हे, चुलत बहीण. कूळ एक, चूल वेगळी.

आता दोघींतला एक फरक लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं बोलणं त्यावर उभं आहे. वावळ आपण कधी लावत नाही, ती बियांतून आपोआप येते. म्हणून प्रत्येक वावळ वेगळी. तिला 'कराडची वावळ', 'वाळव्याची वावळ' अशी वाणांची नावं नाहीत, कारण तिचे वाणच नाहीत. एल्मचे मात्र युरोपात शेकड्यांनी वाण झाले. फांद्या खाली झुकलेला एक, सरळ खांबासारखा वाढणारा दुसरा, पानं सोनेरी असलेला तिसरा. एकेका झाडात असा एखादा गुण दिसला, कुणा माळ्याला तो आवडला, त्यानं त्या झाडाची फांदी किंवा डोळा घेऊन दुसरं झाड केलं. बी लावलं असतं तर तो गुण उतरलाच असता असं नाही. कलमानं तो जसाच्या तसा आला. अशा, माणसानं निवडलेल्या आणि राखलेल्या झाडासाठी 1923 मध्ये लिबर्टी हाइड बेली या अमेरिकन शास्त्रज्ञानं 'कल्टिव्हार' हा शब्द घडवला. आपण 'वाण' म्हणतो. संक्रांतीला बायका एकमेकींना देतात तेही वाणच. दोन्ही शब्दांचं मूळ एक आहे असा आमचा दावा नाही, पण दोन्ही वाणं हातातून हातात जातात एवढं खरं.

असा एक दुर्मीळ वाण. एडिंबरो शहरात स्कॉटलंडचं राजघराण्याचं निवासस्थान आहे, होलीरूड पॅलेस. त्याच्या बागेत सुमारे शंभर फूट उंचीचे दोन एल्म उभे होते. शेकडो माणसं रोज त्यांच्याखालून जात होती. 2016 मध्ये तिथल्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या अभ्यासकांनी शहरातल्या एल्मची पाहणी करताना या दोघांकडं नीट पाहिलं, तेव्हा कळलं की हा 'वेंटवर्थ' नावाचा झुकत्या फांद्यांचा वाण आहे, जो जगातून नाहीसा झाला असं सगळे धरून चालले होते. मग कागदपत्रं काढली. 1902 मध्ये बर्लिनच्या श्पेट या रोपवाटिकेतून तीन वेंटवर्थ एल्म बोटॅनिक गार्डनला आल्याची नोंद सापडली. त्यांतला एक बागेत होता, तो रोगानं गेला, 1996 मध्ये. उरलेले दोन कुठं गेले याची नोंद नव्हती. बहुधा हेच ते दोन.

आमचं लक्ष वेधलं ते इथं. झाडं काही लपलेली नव्हती. राजवाड्याच्या बागेत, भर उजेडात, शंभर वर्षं उभी होती. माळी त्यांची निगा राखत होते. हरवलं होतं ते फक्त नाव. आणि नाव हरवल्याबरोबर तो वाण जगाच्या हिशेबातून 'नष्ट' झाला. एखादं जंगली झाड असतं तर त्याला नाव असो नसो, काही बिघडत नाही. वाणाचं तसं नसतं. झाड, ते राखणारा हात आणि ती नोंद, तिन्ही मिळून वाण होतो. यातलं एक गेलं की बाकी दोघांना फार दिवस टिकता येत नाही.

इथं कुणी म्हणेल, फांदीपासून नवं झाड होणं ही काय माणसाचीच करामत आहे का? नाही. साताऱ्याचंच उदाहरण घ्या. जावळी तालुक्यात, वैराटगडाच्या पायथ्याला वडाचे म्हसवे. 1882 मध्ये ली-वॉर्नर या इंग्रज अधिकाऱ्यानं घेतलेली त्या वडाची मोजणी वनस्पतिशास्त्राच्या जुन्या पुस्तकांतून सारखी येते: घेर 1587 फूट, उत्तर-दक्षिण 595, पूर्व-पश्चिम 442. पारंब्या उतरतात, त्यांची खोडं होतात, खोडांना पुन्हा फांद्या येतात. म्हणजे झाड स्वतःच स्वतःला पुढं नेतं. पण वडाचं हे चालणं गावच्या शिवेत संपतं. त्याची फांदी समुद्र ओलांडत नाही. ती ओलांडायची तर माणूस लागतो.

माणसानं एक फांदी किती लांब नेली, ते बघा.

कोलुमेला नावाचा एक रोमन लेखक होऊन गेला. पहिल्या शतकातला, मूळचा स्पेनमधल्या काडिझचा. शेतीवर त्यानं बारा भागांचा ग्रंथ लिहिला. रोमन लोक द्राक्षाची वेल चढवायला जिवंत झाडं लावत आणि त्यातलं आवडतं झाड एल्म. कोलुमेला दोन प्रकारचे एल्म सांगतो, एक इटलीतला देशी आणि दुसरा 'अटिनिया'. अटिनियाला बी अगदी कमी धरतं, म्हणून तो मुळाशी फुटलेल्या धुमाऱ्यांपासून लावावा असं तो सांगतो. अटिनिया उंच वाढतो आणि त्याचा पाला बैलांना फार आवडतो. इतका, की एकदा त्याची चटक लागली की बैल दुसऱ्या एल्मच्या पाल्याला तोंड लावत नाहीत. म्हणून जमलं तर सगळं रान एकाच अटिनियाचं करावं, असा त्याचा सल्ला आहे. बैल नखरे करतात म्हणून एकच वाण लावा! शेतकऱ्याला हे कारण पटण्यासारखं आहे. तरी हे वाक्य ध्यानात असू द्या, त्याच्याकडं आपल्याला परत यायचं आहे.

आता दोन हजार वर्षं पुढं. इंग्लंडच्या चित्रांत, कवितांत, शेताच्या बांधावर जो उंच एल्म दिसतो, जो त्या देशाच्या निसर्गाचं प्रतीकच मानला गेला, त्याला म्हणतातच 'इंग्लिश एल्म'. 2004 मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी त्याची जनुकीय तपासणी 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. निष्कर्ष असा की इंग्लिश एल्म इंग्लिश नाहीच. इंग्लंडमधली झाडं आणि स्पेनमधली त्या प्रकारची झाडं जनुकांनी एकच निघाली. हा रोमनांचा अटिनिया, इटलीतून स्पेनला आणि तिथून ब्रिटनला द्राक्षाच्या वेलीसाठी नेलेला. द्राक्ष गेलं, रोमन गेले, आधाराचं झाड राहिलं. बी जवळजवळ धरतच नाही, धुमाऱ्यांवर पसरत राहिलं. लाखो झाडं, पण एका अर्थानं एकच झाड.

आमचा विषय तत्त्वज्ञान, त्यामुळं 'एकच झाड' हा शब्द आम्हाला सहज सोडवत नाही. कोणत्या अर्थानं एकच? रोममधलं ते पहिलं खोड कधीच कुजून गेलं. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला असंच छेडतो. नागसेन त्याला एका आंबेचोराची गोष्ट सांगतो. चोराला पकडून राजापुढं उभं केलं. तो म्हणाला, 'महाराज, यानं जमिनीत पुरले ते आंबे वेगळे, मी तोडले ते वेगळे. मी याचे आंबे घेतलेच नाहीत.' तरी तो शिक्षेला पात्रच, असं राजा मिलिंदच कबूल करतो, कारण मागच्यातूनच पुढचं आलं. आंबा तोच आहे असं त्यांच्यापैकी कुणीच म्हणत नाही. वेगळा आहे असंही म्हणत नाही. परंपरा तुटलेली नाही, म्हणून मालकाचा हक्क आणि चोराची जबाबदारीही तुटलेली नाही. आमच्या मते वाणाची याहून चांगली व्याख्या रोपवाटिकेच्या पुस्तकातही मिळणार नाही.

आता मिरजेला चला. आरग, बेडग, मालगाव, नरवाड या पट्ट्यात पानमळे आहेत, कपुरी पानाचे. पानवेलीला आधार म्हणून आपला शेतकरी काय लावतो? शेवरी, शेवगा, हादगा, पांगारा. जिवंत झाडं, वेलीच्या आधी लावलेली, ओळीत. त्यांची सावली कमी-जास्त करायला फांद्या छाटायच्या, छाटलेला पाला शेळ्या-जनावरांपुढं टाकायचा. कोलुमेलाला आणून या पानमळ्यात उभा केला तर त्याला काहीही समजावून सांगावं लागणार नाही. एल्मच्या जागी शेवरी, द्राक्षाच्या जागी नागवेल, बैलाच्या जागी शेळी. नाशिककडं तर पूर्वी द्राक्षसुद्धा पांगाऱ्यावरच चढवत. रोमन लोक वेल झाडावर चढवण्याला 'लग्न लावणं' म्हणत. आपल्याकडं कालिदासाच्या शाकुंतलात नवमालिकेच्या वेलीनं आंब्याला वरलेलंच आहे. सांगायचा मुद्दा, हे शहाणपण एकानं दुसऱ्याकडून घेतलं असं मानायची गरज नाही. वेल आणि जनावर दोन्ही पाळणाऱ्या माणसाला ते सुचतंच.

आणि पानवेलही बियांपासून करत नाहीत, बरं का. नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी, आणि मळ्यात बी धरण्याशी कुणाला कर्तव्य नाही. वेलीचे तुकडे लावायचे. वेल वर गेली की ठरावीक काळानं ती खाली उतरवतात, गुंडाळून बुडाशी मातीत दाबतात आणि फक्त शेंडा वर ठेवतात. मातीतल्या पेरांना मुळ्या फुटतात, शेंडा पुन्हा चढू लागतो. बेडगच्या एका पानमळ्यात आम्ही त्या शेतकऱ्याला विचारलं, "ही वेल किती वर्षांची?" तो हसला. म्हणाला, "वरची का खालची, सर?" आम्ही पुन्हा विचारलं, "दोन्ही एकच ना?" तर म्हणाला, "एकच. पण आमच्या आज्यानं आणली ती कुठली, ते आता कोण सांगणार?" नागसेनाचा अर्धा ग्रंथ त्या दोन वाक्यांत आला.

त्या 'कुठली' या शब्दाशी जरा थांबू. कपुरी हे नाव टिकलं, पण त्याच्या आतली पोटनावं, कुठल्या गावच्या मळ्यातून कुणी कुणाला वेल दिली, हे सगळं तोंडी होतं. विड्याच्या पानाचा बाजार घटला, मजूर मिळेना, आणि एकेक मळा मोडून तिथं ऊस किंवा द्राक्ष येतं तेव्हा त्या मळ्यातली वेल कुणी पुढं नेतोच असं नाही. पन्नास वर्षं एकाच घरानं राखलेली वेल दोन दिवसांत उपटली जाते. ती खास होती की साधी, हे ठरवायलाही नंतर काही उरत नाही.

द्राक्षाकडं येऊ. तासगावला बसून द्राक्षावर बोलायचं म्हणजे धाडस आहे, चुकलं तर समोरच्या खुर्च्यांतून दुरुस्ती येईल. (हशा) आज आपल्याकडच्या बहुतेक बागांचं मूळ थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या वाणात आहे. हे थॉमसन प्रकरण काय आहे? विल्यम थॉमसन हा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेला इंग्रज. 1872 मध्ये त्यानं न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या रोपवाटिकेतून काही काड्या मागवल्या. त्यावर नाव होतं 'लेडी डी कव्हर्ली'. त्यांतली एकच जगली. तिला आलेली द्राक्षं लोकांना इतकी आवडली की वाणाला त्याचंच नाव पडलं. वास्तविक ही तुर्कस्तान-इराणकडची शेकडो वर्षं जुनी किसमिस द्राक्षाची वेल. तिचं जुनं नाव वाटेत गळून पडलं, मधलं नावही गळालं आणि ज्याच्या अंगणात ती जगली त्याचं नाव चिकटलं. होलीरूडच्या झाडांचं नाव हरवलं, या वेलीला नको इतकी नावं मिळाली.

त्याच थॉमसनच्या बागांतून तासगाव भागातल्या बागायतदारांनी वेगळी दिसणारी वेल हेरली, तिच्या काड्या पुढं वाढवल्या, आणि तासगाव अन् तिथला गणपती दोन्ही आठवून नाव दिलं 'तास-ए-गणेश'. सोलापूरकडं नान्नजच्या काळे यांनी असाच 'सोनाका' काढला. शास्त्रज्ञ याला कायिक उत्परिवर्तन म्हणतात. एकाच वेलीच्या एखाद्या डोळ्यात अचानक बदल होतो. पण बदल होणं एक आणि तो दिसणं दुसरं. हजारो वेलींत एक वेल जरा निराळी आहे हे बघायला रोज बागेत फिरणारा आणि फिरताना डोळे उघडे ठेवणारा माणूस लागतो. या माणसाला श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी मान मिळवून दिला. साताऱ्याच्या दाभोळकर कुटुंबातले हे गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या 'प्रयोग परिवारा'त तासगावचे द्राक्ष बागायतदार होते, आणि शेतकऱ्यानं आपला प्रयोग लिहून दुसऱ्याला कळवायचा ही त्यातली मुख्य शिस्त होती. विद्यापीठात आमची हयात गेली, म्हणून जरा संकोचानं सांगतो: आपण पाहिलं ते लिहून कळवणं ही शिस्त आम्हा प्राध्यापकांपेक्षा त्या बागायतदारांनी जास्त पाळली.

मग या गोष्टीत वाईट काय आहे? आता कोलुमेलाच्या बैलांकडं परत जाऊ.

एल्मला एक बुरशी लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॉलंडमध्ये तिचा अभ्यास झाला. त्यात बेआ श्वार्ट्स या तरुण संशोधिकेचा आणि तिच्या गुरू योहाना वेस्टरडाइक यांचा मोठा वाटा. अभ्यास डच लोकांनी केला म्हणून रोगाला 'डच एल्म रोग' म्हणायला लागले, चांगल्या कामाचं हे असं बक्षीस! सालीखाली राहणारे छोटे भुंगेरे ती बुरशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. झाड आपल्याच पाण्याच्या नळ्या बंद करून घेतं आणि वाळतं. 1960 च्या दशकात तिचा अधिक घातक प्रकार लाकडाच्या ओंडक्यांबरोबर ब्रिटनमध्ये पोचला आणि पुढच्या काही वर्षांत अडीच कोटींहून जास्त एल्म गेले. एकाला जे सोसवत नाही ते कुणालाच सोसवेना, कारण सगळे एकच होते. सगळं रान एका वाणाचं करा, हा सल्ला दोन हजार वर्षांनी असा वसूल झाला.

पण तो वाण संपलेला नाही, आणि हे आम्हाला फार विलक्षण वाटतं. मुळं जिवंत आहेत. इंग्लंडच्या कुंपणांतून धुमारे येतात, पंधरा-वीस फूट वाढतात, साल जाड झाली की भुंगेऱ्यांना सापडतात, वाळतात, पुन्हा मुळातून फुटतात. उतरवून पुरलेल्या पानवेलीसारखी ती मुळं खाली आहेत. वर मात्र झाड होऊ शकत नाही.

डच लोकांनी रोगाला तोंड देणारा एल्म शोधताना हिमालयातल्या एल्मचा उपयोग केला. काश्मीर-हिमाचलात 'उल्मस वॉलिचियाना' म्हणून एक जात आहे, तिचं रक्त त्यांनी संकरात घेतलं. त्या वंशातल्या एका वाणाचं नाव आहे 'कोलुमेला'. ज्यानं एकच वाण लावायला सांगितलं त्याचं नाव, आणि अंगात आपल्या डोंगरातल्या, बियांतून आलेल्या, नाव नसलेल्या झाडांचा अंश.

आपल्याकडं द्राक्षाचं काय झालं ते आपण जाणता. एका पावसात डाऊनी सगळ्या शिवारात एकदमच का पसरतो, याचं उत्तर फक्त हवामानात नाही. भोकरी, फकडी, पांढरी साहेबी, काळी साहेबी, हबशी ही नावं आता किती जणांना सांगता येतील? साठ वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या बाजारातली ही नावं होती. बियांची, साल जाड, बाजारात टिकायला कमी, म्हणून गेली. जाणं चुकीचं होतं असं आम्ही म्हणत नाही. ज्याच्यावर कर्ज आहे त्यानं भोकरी लावून बसावं असा उपदेश करण्याचा अधिकार पेन्शनवाल्याला नाही. पण पुस्तकांत एक गमतीची नोंद असते. तमिळनाडूत 'पच्चद्राक्ष' म्हणून जे द्राक्ष आहे ते म्हणजे आपली भोकरीच. म्हणजे आपल्याकडं नाव होतं आणि वेल गेली. तिकडं वेल राहिली, नाव दुसरं पडलं.

म्हणून एक विनंती करतो आणि थांबतो. आपल्यापैकी कुणाच्या जुन्या विहिरीच्या मांडवावर, परसात, वाड्याच्या मागं बियांच्या द्राक्षाची एखादी वेल अजून असेल, किंवा घरच्या पानमळ्यातली वेल कुठून आणली हे सांगणारं कुणी म्हातारं माणूस असेल, तर बाहेर टेबलावर वही ठेवली आहे, तीत लिहून जा. गाव, कुणी आणली, कुठून, साधारण कधी. नाव माहीत नसलं तर ती जागा मोकळी सोडा. वेल अजून आहे की नाही, एवढं मात्र जरूर लिहा. आता प्रश्न घेऊ.